भिंतीतल्या शेजारणी

तिची तिरडी मागच्या दाराने निघाली. आषाढ महिना होता, आणि पुढच्या दाराच्या चौकटीवर गांधीलमाश्यांनी हाताच्या पंजाएवढं पोळं केलेलं होतं. खांदा द्यायला आलेली माणसं म्हणाली, एक चूड पेटवून आण, पोळं जाळू आणि बाईला सरळ रस्त्याने नेऊ. तिचा पुतण्या दारात आडवा उभा राहिला. "ती जिती असती तं तुमाले हे बोलू देल्लं असतं काय?" तो म्हणाला. मग तिला मळ्यातून नेलं, घोटाभर चिखलातून, वांग्यांच्या ओळी चुकवत. एकाचा पाय घसरला तेव्हा पुतण्याच ओरडला, "वाफा नोका तुडवू रे, काकी उठून बसन!"

हे सगळं त्याने अकोल्याला आमच्या घरी येऊन सांगितलं. सांगता सांगता हसत होता आणि उपरण्याने डोळे पुसत होता. मीही दोन्ही करत होते.

ती आमची अमरावतीची घरमालकीण. नाव घेऊन तिला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. वस्तीत सगळे बुढी म्हणत, पुतण्या काकी म्हणे आणि मी आमच्या वाईकडच्या सवयीने मावशी म्हणू लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती फणकारली, "मावशी कायची? मले बहीनच नाई." पण ओ देऊ लागली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक माळीण. पायात चांदीचे जाड वाळे. उजव्या कानाने तिला काही ऐकू येत नसे, त्यामुळे बोलणाऱ्याला ती खांद्याला धरून डाव्या बाजूला आणी, मग तो मामलेदाराचा शिपाई असो की भाजी घ्यायला आलेली सावकारीण.

आम्ही तिच्याकडे गेलो ती कापसाची वर्षं. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस येईनासा झाला होता आणि साऱ्या जगाला एकदम वऱ्हाडाची आठवण झाली होती. अमरावतीत पाय ठेवायला जागा मिळेना. देवळाच्या ओवऱ्यांतसुद्धा मुंबईचे दलाल पथाऱ्या टाकून झोपत. रस्त्याने चालावं तर दोन्ही बाजूंना कापसाच्या गाड्या, आणि कापूस उडून बाभळींवर बसलेला, जणू झाडंच म्हातारी झाली होती. यांना एका कापसाच्या पेढीवर कारकुनाची जागा मिळाली होती. मी सोळा वर्षांची. आठ दिवस आम्ही धर्मशाळेत काढले आणि मग कोणी तरी सांगितलं, परकोटाबाहेर माळ्यांच्या वस्तीत एका बुढीच्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत. एवढ्या गर्दीत रिकाम्या कशा, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

"घर पाहून घ्या आदी," ती म्हणाली. "मंग म्हनू नोका का बुढीनं सांगतलं नाई."

पुढचं दार जेठापासून दिवाळीपर्यंत बंद, कारण चौकटीवर गांधीलमाश्या. येणं-जाणं मळ्यातून, मागच्या दाराने. आढ्याच्या सागात भुंगा राहतो, तो लाकूड पोखरतो आणि भुसा खाली पाडतो, म्हणून ताटावर झाकण ठेवायचं. देवाच्या देवळीत एक कुंभारीण आहे.

"कुंभारीण?" मी विचारलं.

तिने बोट दाखवलं. देवळीतल्या देवीच्या पुढे केलेल्या हातावर बोराएवढं मातीचं मडकं चिकटलेलं होतं, गळ्यासकट, कुंभाराने चाकावरून उतरवावं तसं. एक बारीक कमरेची माशी तोंडात चिखलाची गोळी घेऊन त्यावर फिरत होती. "देवीच्या हातात मडकं देल्लं तिनं. मी काय म्हनू?" आणि ती रोज त्या मडक्याला पाण्याचा थेंब लागणार नाही अशा बेताने देवीची पूजा करत असे, हे मी पुढे पाहिलं.

शेवटी तिने आम्हाला स्वयंपाकाच्या खोलीत नेलं आणि उत्तरेकडच्या भिंतीवर हात ठेवला. "अन् या भिंतीत मोहोळ हाय. लय शांत हायेत बिचाऱ्या."

ती भिंत हातभर जाड, पांढऱ्या मातीची. मधे कधी तरी पोकळी पडलेली आणि बाहेरच्या अंगाला, मळ्याच्या बाजूने, तीन बोटं जाईल एवढं भोक. त्यातून मधमाश्यांची ये-जा सारखी चाललेली. हे लांबूनच म्हणाले, "मग काढून का टाकत नाही?"

तिने यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू शेजारचं कुटुंब घराबाहेर का काढत नाही, असं यांनी विचारलं असावं. "मी लगन होऊन आली तवा माह्या सासूनं हेच दाखोलं. म्हने, आदी त्या, मंग तू."

आम्ही राहिलो. दुसरीकडे जागाच नव्हती.

पहिल्या पंधरा दिवसांत मी तीनदा रडले आणि दोनदा चावून घेतलं. पहिली माशी मानेवर चावली तेव्हा मी किंकाळी फोडली. मावशी धावत आली, माझ्याकडे न बघता खाली वाकली आणि जमिनीवरून काही तरी उचलून तळहातावर घेतलं. "मेली बिचारी," ती हळहळली. माझा इतका संताप झाला की दुखणं विसरले. "मी मेले असते तर?" मी ओरडले. ती म्हणाली, "तू कायले मरतं? तुले एक फुगोटी येईन. तिचा तं जीवच गेला." मग पाटातला गार चिखल आणून माझ्या मानेवर थापला आणि तो वाळेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिली.  तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता.

ती कोणी साध्वी होती असं समजू नका. शेळी मळ्यात शिरली तर तिच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. भाजी निवडून घेणाऱ्या बायकांचा हात ती झटकून टाके. मांजराच्या अंगावर तिने एकदा तवा फेकलेला मी पाहिला आहे. सगळी माया जणू पंखवाल्यांसाठी राखून ठेवलेली होती. मी एकदा विचारलं, "मावशी, माणसांवर एवढी का चिडता?" तर म्हणाली, "मानसाले सांगतलं तं समजते, म्हून राग येते."

यांच्या अंगरख्याची गोष्ट सांगायलाच हवी. पेढीवर जायचा एकच चांगला अंगरखा होता. दोन दिवस यांना ताप आला म्हणून तो खुंटीवर राहिला. तिसऱ्या दिवशी पाहतो तर कुंभारणीने बाहीत मडकं केलेलं. हे झटकायला गेले तेवढ्यात मावशी दारात. "आत पोरं हायेत तिचे," ती म्हणाली. यांनी खूप वाद घातला. मोठ्या साहेबांसमोर उभं राहायचं असतं, लोक काय म्हणतील, वगैरे. तिने सगळं डाव्या कानाने ऐकलं आणि आपल्या मेलेल्या नवऱ्याची बाराबंदी पेटीतून काढून दिली. ती यांच्या गुडघ्यापर्यंत येई. हे तीन आठवडे ती बाराबंदी घालून पेढीवर गेले. मग एका सकाळी मडक्याला भोक दिसलं. मावशीने अंगरखा स्वतः धुऊन, उन्हात वाळवून यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या भाऊ. उडून गेलं लेकरू." त्या दिवशी हे घरी येताना बाजारातून तिच्यासाठी पेढे घेऊन आले. का आणले, ते मी विचारलं नाही.

भिंतीला हात लावायला तिनेच मला शिकवलं. मला माहेरची आठवण येऊन मी चुलीपाशी नुसती बसून असे. एका थंडीच्या सकाळी तिने माझा हात धरला आणि भिंतीवर ठेवला. भिंत कोमट होती. आणि आत काही तरी बारीक चाललेलं होतं, दूरच्या देवळात पुष्कळ माणसं मनातल्या मनात जप करत असावीत तसं. "मले कानानं त्याइचं आयकू नाई येत, हातानं येते," ती म्हणाली. "आज त्या खुशीत हायेत. तुह्या हाताले काय सांगतेत?" मी म्हटलं, मला काही कळत नाही. "कयन, कयन," ती म्हणाली. खरंच कळू लागलं. ढग आले की भिंतीचा आवाज जाड होई. मळ्यात कोथिंबीर फुलावर आली की तो सकाळपासून चढत जाई. घरात मी एकटी आहे असं मग मला कधी वाटलं नाही.

माझी मुलगी त्याच घरात झाली. सुईणीने पोर माझ्या कुशीत दिलं तेव्हा मावशी स्वयंपाकाच्या खोलीत गेली. भिंतीला आतल्या बाजूने एक मातीचं बूच होतं, ते तिने काढलं, उघडा हात कोपरापर्यंत आत घातला आणि बोटभर पोळं घेऊन आली. हातावर पाच-सहा माश्या चालत होत्या. त्यांना तिने खिडकीशी नेऊन फुंकर घातली आणि मग पोरीच्या जिभेला मधाचं बोट लावलं. मध ती एरवी कधी काढत नसे. "आपल्या घरात कोनी झालं तवाच," ती म्हणाली, "एरवी तो त्याइचा." तिच्या स्वतःच्या पोटी मूल नव्हतं. तो मध तिने याआधी कधी काढला होता ते मी हिशेबाने ताडलं: आईवेगळा पुतण्या पाळण्यातून या घरात आणला गेला, तेव्हा.

आता त्या पुतण्याचं सांगते.

तो तेव्हा बावीस-तेविसाचा असेल. नांदगाव खंडेश्वराकडे बापाची काळी जमीन होती. ज्वारी, तूर मोडून त्याने सगळा कापूस लावला होता आणि तीन हंगामांत माणूस बदलून गेला होता. रेशमी पटका, बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं. मनाने मात्र उमदा. आला की काकीचे पाय दाबत बसे आणि तिच्या शिव्या खाई. त्याला एकच ध्यास होता, काकीला पक्कं घर बांधून द्यायचं. विटांचं, चुन्याचं, वर कवेलू म्हणजे कौलं घातलेलं. त्यासाठी एक शेठ तिचं घर आणि मळा घ्यायला तयार होता. रस्त्याला लागून जागा, कापसाचा वाडगा, म्हणजे गाठी ठेवायचं आवार, करायला उत्तम. आजूबाजूच्या माळ्यांनी आपले मळे केव्हाच दिले होते किंवा मोडून कापूस पेरला होता. आंब्या-जांभळाची झाडं गाड्या करायला तुटून गेली होती. कोसभरात हिरवा म्हणावा असा तिचाच तुकडा राहिला होता.

शेठ एकदा स्वतः आला. त्यालाही मळ्यातून, जोडे हातात घेऊन यावं लागलं. अत्तराचा घमघमाट. ओसरीवर बसतो न बसतो तोच एक माशी त्याच्या कानाच्या पाळीवर येऊन बसली. शेठने डोळे मिटून घेतले.

"हलू नोका," मावशी म्हणाली. "अत्तर लावलं म्हून ते तुमाले फूल समजून राहिली. जाईन आपोआप."

डोळे मिटूनच शेठ म्हणाला, "बाई, जगह हमको दे दो. दुगना देंगे."

"देल्ली असती. पन भिंतीतल्या कुठी जातीन?"

"मक्खी है बाई. उड जाएगी."

"मंग तुमीच उडा," ती म्हणाली आणि उठून वांग्यांना पाणी धरायला गेली. शेठ बराच वेळ तसाच बसून होता. शेवटी मीच जाऊन सांगितलं की माशी केव्हाच गेली.

पुतण्याने आपल्या परीने अर्थ काढला: काकी अडली आहे ती माश्यांसाठी. माश्या गेल्या की काकी हो म्हणेल. त्यात त्याला पाप वाटलं नाही. नव्या घरात तिला घेऊन जायचं, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

ती बडनेऱ्याच्या बाजाराला गेली होती तो दिवस त्याने धरला. दुपारची वेळ. हे पेढीवर, माझी मुलगी आठ महिन्यांची, पाळण्यात. तो दोन गड्यांना घेऊन आला. एकाच्या डोक्यावर कडुलिंबाचा ओला पाला आणि गोवऱ्या, दुसऱ्याच्या हातात गंधकाची पुडी.

"वैनी, पोरीले घेऊन जरा शेजारी जाऊन बसा," तो म्हणाला. "घटकाभराचं काम हाय."

मला समजलं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. "मावशी आल्याशिवाय इथे धूर करायचा नाही."

"काकीसाठीच करून राहिलो ना मी! या मातीच्या घरात ते अजून किती दिस राहीन? पावसायात भिंत बसली म्हंजे?"

"हे तिला सांगा."

"तिले सांगतलं तं आयकते काय?" तो हसला, पण माझ्या नजरेला नजर देईना. "वैनी, बाजूले व्हा. तुमी लोक काय, उद्या निंगून जासान. ते माही काकी हाय."

 खरंच होतं ते. मी भाडेकरीण. तरी मी हलले नाही. परक्या बाईला हात लावणं त्याच्याने होईना. तो गड्यांना घेऊन बाहेरच्या बाजूने मळ्यात गेला. तिथे मी काय करणार होते?

पाठीमागची भिंत आधी गप्प झाली. मग मोठ्या हंड्यात आधण यावं तसा आवाज आला. बुचाच्या फटीतून पिवळा धूर आत येऊ लागला आणि त्याच्याबरोबर माश्या. मी पलीकडच्या खोलीत पोरीच्या पाळण्यापाशी धावले, तिला उचललं, दार लावलं, दाराखालच्या फटीत लुगडं कोंबलं. पोर खोकत होती. तेवढ्यात बाहेरून किंकाळी ऐकू आली.

खिडकीच्या फटीतून पाहिलं तर गडी कुंपणावर चढून पळत होते. पुतण्या मात्र वालाच्या मांडवात अडकला होता. पटका कुठे तरी पडलेला, डोकं उघडं, आणि त्या डोक्यावर, मानेवर, तोंडावर माश्यांचा काळा थर. तो "काकी, काकी" असं ओरडत होता. मग ओरडणं थांबलं आणि तो मांडवाखाली पडला.

पोरीला पाळण्यात ठेवून बाहेर जायचं, की तिच्यापाशी थांबायचं?  मी तिला पाळण्यात ठेवलं, वरून पातळ बांधलं, दार बाहेरून ओढून घेतलं. रांजणात घोंगडी बुचकळली, डोक्यावरून घेतली आणि गेले. तो जड होता. पायांना धरून ओढत आणला, वाफे मोडत. माझ्या हातावर आणि पायांवर किती चावल्या ते मला तेव्हा कळलंच नाही. त्याला ओसरीवरून आत घेतलं, ओल्या घोंगडीत गुंडाळलं, दार लावलं. पाळण्यातून पोरीचं रडणं येत होतं, मोकळं, जोराचं. तिला काही झालं नव्हतं.

मावशी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिने मळा पाहिला, भोकाशी पडलेली राख पाहिली, खाली पडलेल्या माश्यांचा सडा पाहिला.  आत आली, पुतण्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचं तोंड इतकं सुजलं होतं की डोळे कुठे आहेत ते कळेना. श्वास शिटीसारखा वाजत होता. तिने नखाने एकेक नांगी खरवडून काढायला सुरुवात केली. चिमटीत धरायची नाही, मला म्हणाली, दाबली तर विष आत जातं. आम्ही दोघी बसलो. तिने डोकं घेतलं, मी हात.

"श्वास घे रे बापा," ती त्याच्या कानाशी म्हणत होती. "लहानपनी कसा रडू रडू झोपे, तसा घे. हां. अजून एक."

यांनी वैद्यबुवांना आणलं. त्यांनी नाडी पाहिली, काढा दिला आणि यांना बाहेर बोलावून काही तरी हळू सांगितलं. मावशीला ऐकू गेलं नाही, पण यांचा चेहरा पाहून ती समजली. तिने त्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. काढा चमच्याने, थेंबाथेंबाने त्याच्या ओठांत सोडत राहिली. पाय बधिर झाले तेव्हा माझ्याकडून चोळून घेतले.

तिसऱ्या दिवशी त्याचा एक डोळा उघडला. त्याने काकीला पाहिलं आणि फुगलेल्या ओठांनी म्हणाला, "मार मले."

"मारून काय?" ती म्हणाली. "त्या येतीन काय परत?"

माश्या गेल्या होत्या. दोन दिवस त्यांचा घोळका कुंपणाच्या बोरीला लोंबत होता, मग तोही दिसेनासा झाला. मावशी एकदाच भिंतीपाशी गेली. हात ठेवला. बराच वेळ उभी राहिली. मग हात काढून लुगड्याला पुसला. "मन उठलं त्याइचं," एवढंच म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही. मीही नाही. आणि हे, जे पहिल्या दिवशी पोळं काढून टाका म्हणाले होते, ते ताटावर बसून नुसते भात चिवडत राहिले.

पुतण्या बरा झाला, पण गावी गेला नाही. जायचं तोंड त्याला राहिलं नव्हतं. ओसरीत बसून असे. काकी त्याला वेळेवर भाकर देई, पण शिव्या देत नसे, आणि शिव्या नाहीत म्हणून तो आणखी खचत चालला होता. असे पंधरा-वीस दिवस गेले.

मळ्यात कोहळ्याचा वेल होता. आमच्याकडचा लाल भोपळा, त्याला तिकडे कोहळं म्हणतात. वेलाला पिवळी फुलं रोज येत, मादीफुलाखालचं इवलंसं फळ दोन दिवस हिरवं राही आणि मग पिवळं पडून गळे. दोडक्याचं तेच, काकडीचं तेच. झाडं तुटलेली, मळे मोडलेले, त्यामुळे लांबून येणाऱ्या माश्याही क्वचितच. मावशी गळलेली फळं ओटीत गोळा करून आणी आणि ओसरीवर पुतण्यापुढे ओती. बोलत नसे. चौथ्या दिवशी बोलली.

"उद्या दिस निंगायच्या आदी उठजो."

"काहून काकी?"

"माश्याइचं काम कोन करन? तुहा बाप?"

ती शिवी ऐकून त्याचा चेहरा उजळला.

सकाळी मी पोरीला घेऊन पाहायला गेले. नरफूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मधली पिवळी बोंडी मादीफुलाच्या आत हलकेच फिरवायची. ऊन चढलं की फुलं मिटतात, मग काही उपयोग नाही. तिने त्याला दोनदा दाखवलं. तो धिप्पाड गडी, तोंडावर अजून गाठी, वेलांमधे बसून एका एका फुलापुढे श्वास रोखत होता. "मेल्या, नांगर धरला काय? बोटानं कर, बोटानं," ती ओरडत होती. रोज सकाळी ते दोघं असे मळ्यात असत, दोन टोकांनी सुरुवात करून मधे भेटत.

शेठ पुन्हा आला नाही. समुद्रापलीकडची लढाई संपली, कापूस जागच्या जागी राहू लागला, वाडग्यांना घेणारं कोणी उरलं नाही. पुतण्याने नांदगावच्या निम्म्या जमिनीत पुन्हा ज्वारी पेरली. यांची पेढी आवरली गेली आणि अकोल्याला दुसरी नोकरी मिळाली.

निघायच्या दिवशी गाडी पहाटेच जुंपली. मावशी निरोप द्यायला ओसरीवर नव्हती. मी मळ्यात गेले. ती वेलात बसली होती, बोटं पिवळी झालेली.

"मावशी, निघतो आम्ही."

"आयकलं," ती म्हणाली, पण वर पाहिलं नाही. "फुलं मिटतीन ना आता."

मी वाकून पाया पडले. तिने पाय मागे घेतले, मग पोरीकडे हात पसरले. पोरीला मांडीवर घेऊन तिने तिच्या चिमुकल्या बोटांत नरफूल दिलं, तिची मूठ आपल्या मुठीत धरली आणि एका मोठ्या मादीफुलात फिरवली. पोर खिदळली, मूठ आवळली, अर्धं फूल चुरगळून टाकलं.

"पाह्यलं, कशी हाय!" मावशी म्हणाली. तेव्हा तिने वर पाहिलं. तिचं तोंड ओलं होतं. "जा आता. उन्हाच्या आदी पोचा."

अकोल्याला आम्हाला दोन महिने झाले असतील. दुपारी दाराशी गाडी थांबली आणि पुतण्या खांद्यावर एक कोहळं घेऊन आत आला. एका अंगाने फुगलेलं, दुसऱ्या अंगाने बसलेलं, जमिनीवर ठेवलं तर कलंडत होतं. असं वाकडं कोहळं मी कधी पाहिलं नव्हतं.

"पोरीचं हाय," तो म्हणाला. "काकीनं तोडूच देल्लं नाई कोनाले. म्हने, अकोल्याले तूच नेऊन दे."

"असं कसं झालं हो हे?"

"मी बी तेच इचारलं. तं काकी म्हने, पोरीनं एकाच बाजूनं फूल लावलं. माशी असती तं गोल झालं असतं." त्याने घाम पुसला आणि हसला. "पन सांगजो म्हने, पह्यल्या खेपेले लय चांगलं केलं."